ग्रुपने अभ्यास करायला झोटेरो: फीड झकास, टॅगचं मात्र आधी ठरवा

आमचा पाच जणांचा ऑनलाइन अभ्यासाचा गट आहे, विषय स्टॅटिस्टिक्स आणि मशीन लर्निंग, आणि वर्षभर आम्ही नुसत्या चॅटवर लिंका टाकत होतो. लिंक आली की दोन अंगठे, एक हात जोडलेला, झालं, विषय संपला. पंधरा दिवसांनी तोच पेपर हवा असला की वर सरकवून सरकवून बोट दुखायचं तरी सापडायचा नाही. शेवटी सगळं झोटेरोवर हलवलं, त्याला आता आठेक महिने झाले, म्हणून लिहितेय.

झोटेरो म्हणजे प्रबंधाच्या शेवटची संदर्भसूची करून देणारं फुकट सॉफ्टवेअर, एवढंच मलाही माहीत होतं. २०१७ मध्ये आलेल्या ५.० व्हर्जनपासून त्यात फीड रीडर (साइटवर नवीन काही आलं की आपणहून आणून दाखवणारा भाग) पण आहे हे फार उशिरा कळलं. साइटच्या आरएसएसचा, म्हणजे तिच्या फीडचा, पत्ता टाकला की डावीकडे फीड दिसायला लागतं, न वाचलेलं ठळक अक्षरात. आम्ही अर्काइव्हचं (नवे पेपर फुकट वाचायला मिळतात ती साइट) मशीन लर्निंगचं फीड लावलंय, रोज ढीगभर येतं, त्यातलं एखादं आवडलं की बटण दाबून ग्रुपची लायब्ररी निवडायची, लेखक सारांश सगळ्यासकट बाकी चौघांकडे सिंक होऊन जातं. मला हे भयंकर आवडलंय.

गोम एवढीच की फीड ज्याचं त्याचं असतं, ग्रुपचं सामाईक फीड नाही. मग एकाने ओपीएमएल फाइल (सगळ्या फीडच्या पत्त्यांची यादी) बनवली आणि बाकीच्यांनी ती आपापल्याकडे घेतली. आणि हो, वाचलेल्या नोंदी काही दिवसांनी फीडमधून आपोआप उडतात. "नंतर टाकू" म्हणत मी दोन चांगले पेपर घालवले, सेटिंगमध्ये मुदत वाढवता येते पण बघतंय कोण.

आता टॅग. इथे आम्ही माती खाल्ली. महिनाभरात "रिग्रेशन", "रीग्रेशन" असे दोन टॅग, आणि एका शुद्ध मराठीवाल्याचा त्याच अर्थाचा "समाश्रयण" तिसरा, तिघांखाली वेगवेगळे पेपर! वर साइटवरचे कीवर्ड आपोआप टॅग होऊन येतात त्यांची गर्दी वेगळीच (ते आधी बंद करा, सेटिंगमध्ये आहे). टॅगचं नाव बदलून दुसऱ्या टॅगसारखंच केलं की दोन्ही एकत्र होतात, एक रविवार त्यात गेला.

२००८ मध्ये जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाऊन्स या ऑनलाइन शिक्षणावर काम करणाऱ्या दोघांनी एक खुला ऑनलाइन कोर्स घेतला होता, त्यात शिकणारे आपापल्या जागी लिहायचे, टॅग सगळ्यांचा एकच, सीसीके०८, आणि सगळ्यांच्या फीडमधून ते लिखाण एका जागी गोळा व्हायचं. त्यांनी टॅग आधी ठरवला होता, आम्ही नाही, एवढाच फरक.

मग आम्ही विषयांचे टॅग जवळजवळ सोडूनच दिले, शोधायला सर्च आहेच की. झोटेरोत ९ टॅगना रंग देता येतो आणि १ ते ९ आकडे दाबून ते लागतात. आमचा १ नंबर, लाल, "समजलं नाही". मला बूटस्ट्रॅपचा (हातातल्याच आकड्यांतून पुन्हा पुन्हा नमुने काढायची पद्धत) एक पेपर झेपत नव्हता, चॅटवर विचारायची लाज वाटत होती, गुपचूप १ दाबलं. रात्री बघते तर पेपरखाली कुणाची तरी नोट: डब्यात पाच चिठ्ठ्या टाका, एक काढा, आकडा लिहा, चिठ्ठी परत टाका, असं पाच वेळा. परत टाकायची! तेवढंच माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. हा एक टॅग बाकी आठांना भारी आहे.

फुकट जागा ३०० एमबी आणि ग्रुपच्या फाइली ग्रुप काढणाऱ्याच्या खात्यात मोजल्या जातात, म्हणून पीडीएफ चढवत नाही, लिंकवर भागवतो. एकाच नोटमध्ये दोघांनी एकाच वेळी लिहायचं म्हणाल तर त्यासाठी हे नाहीच, त्याला आमचं वेगळं डॉक्युमेंट आहे.

आज लाल टॅगखाली अकरा पेपर आहेत, चार माझे. त्यातल्या एकाला तीन महिने झाले, कुणीच हात लावत नाहीये, बहुतेक कुणालाच कळलेला नाही.