पत्र्यावरच्या पावसात स्वीडनचा बर्फ: 'लेट द राइट वन इन', सिनेमा आणि पुस्तक

कोकणात रात्री बाहेरून नावाने हाक आली तर पहिल्या हाकेला ओ देत नाहीत. तिसरी हाक ऐकून मगच 'कोण?' विचारतात. हे ऐकत वाढलेल्या वाचकाला 'लेट द राइट वन इन'चा कणा लगेच कळतो: रक्तावर जगणाऱ्या एलीला कुणाच्याही घरात शिरायचं तर घरातल्याने तोंडाने 'ये' म्हणावं लागतं.

जॉन आयविदे लिंडक्विस्टची ही स्वीडिश कादंबरी २००४ ची. सिनेमा २००८ चा, दिग्दर्शक तोमास आल्फ्रेडसन, पटकथा मात्र लिंडक्विस्टचीच. स्टॉकहोमच्या ब्लाकेबेर्ग उपनगरात, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, शाळेत छळ सोसणारा बारा वर्षांचा ओस्कर आणि शेजारी नव्याने राहायला आलेली एली यांची ही गोष्ट. लेखक सुरुवातीलाच सांगतो की या वस्तीत चर्च नाही, जुना इतिहासही नाही. आपल्याकडे वेशीवर राखणदार असतो, वर्षाला त्याचा नारळ चुकत नाही. तिथे इमारती उठल्या, मेट्रो आली, पण राखणीला कुणीच नाही. पुस्तकातली भीती या रिकामेपणातून येते.

सिनेमातला एक प्रसंग डोळे उघडे ठेवून पाहा. न बोलावता आलीस तर काय होईल, हे ओस्करला बघायचंच असतं. एली काही न बोलता आत येते. काही क्षण सगळं शांत. मग अंग थरथरतं, शर्टावर लाल डाग उमटतात, डोळ्यांतून, कानांतून रक्त झिरपतं. ओस्कर घाबरून तिला कवटाळतो आणि 'ये' म्हणतो. भयपटात इतकी माया क्वचितच दिसते.

संवाद थोडे आणि हळू आहेत. श्वास, बर्फावरची पावलं, भिंतीवर बोटांनी दिलेले मोर्स या संकेतलिपीचे ठोके, यांवरच सगळं चालतं. आषाढात पत्र्याच्या घरात टीव्हीच्या स्पीकरवर लावलात तर यातलं काहीही ऐकू येणार नाही. कान पूर्ण झाकणारे हेडफोन घ्या. ऑनलाइन पाहायचा असेल तर आधीच डाउनलोड करून बॅटरी भरून ठेवा. वारा सुटला की लाईट आणि रेंज एकदमच जातात, आणि हा सिनेमा मध्ये तुटला की त्याची लय परत सापडत नाही.

इंग्रजी डबिंग टाळाच. लीना लेआंदरसनच्या एलीला स्वीडिशमध्ये मुद्दाम दुसऱ्या मुलीचा, अधिक खालच्या पट्टीतला आवाज दिला आहे. डबिंगमध्ये ती मेहनत वाया जाते. सबटायटल्सही तपासा. २००९ च्या पहिल्या अमेरिकन डिस्कवर भाषांतर सोपं करण्याच्या नादात विनोद आणि बारकावे गळले होते. प्रेक्षकांनी ओरड केल्यावर नंतरच्या प्रतींवर चित्रपटगृहातली सबटायटल्स आली. जुनी प्रत घेताना खोक्यामागे 'इंग्लिश थिएट्रिकल' छापलंय का बघा. डीव्हीडीवर ती जगाच्या कुठल्या भागासाठी आहे याचा 'रीजन' क्रमांक असतो. अमेरिकन डीव्हीडी रीजन १ ची, आपले प्लेअर रीजन ५ चे, त्यामुळे बरेचदा ती चालतच नाही. लॅपटॉपच्या ड्राइव्हचा रीजन पाचच वेळा बदलता येतो, तेव्हा उगाच बदलत बसू नका.

आधी सिनेमा, मग पुस्तक. एबा सेगरबर्गचा इंग्रजी अनुवाद पाचशे पानांच्या आसपास आहे. एलीसाठी खून करणाऱ्या हाकानचा बराचसा भाग सिनेमाने गाळलाय, एलीचा भूतकाळ तर एका निसटत्या शॉटवर भागवलाय. पुस्तकात दोन्ही सविस्तर येतं. हाकानची पानं अंगावर येतात, बालशोषणाचा विषय उघड आहे, त्यामुळे मुलांच्या हाती देऊ नका.

२०१० चा अमेरिकन रिमेक गाडीच्या आतून घेतलेल्या अपघाताच्या शॉटपुरता पाहावा.

ओस्करचं पुढे काय झालं, यावर सिनेमानंतर घरात वाद होणारच. लिंडक्विस्टने त्याचं उत्तर 'लेट द ओल्ड ड्रीम्स डाय' या कथेत दिलंय. त्याच नावाच्या संग्रहात 'बॉर्डर'ही आहे, जिच्यावर अली अब्बासीने २०१८ मध्ये सिनेमा केला. 'बॉर्डर' कधीही वाचा, पण ओस्करची कथा कादंबरी संपल्याशिवाय उघडू नका.