चार उपग्रहांचा पुठ्ठ्याचा संच: एक तारा अँटेनापायी कापला

सेलूत माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. आता शटर बंद आहे, पण सोल्डरिंग गन अजून हाताशी असते. नात सुट्टीला येणार म्हणून साडेसहाशे रुपये मोजून हा संच मागवला. आत स्पुटनिक-१, एक्सप्लोरर-९, अल्युएट-१ आणि आपला आर्यभट. वरच्या हवेचा ठाव ज्यांच्यामुळं लागला ते उपग्रह निवडलेत, म्हणून निवडणाऱ्याला आधी शाबासकी.

पुठ्ठा जाड, कापणी साफ, तुकडे नखानं सुटतात. सोबतची गोंदाची ट्यूब मात्र वाळून खडा झालेली. मे महिन्यात पार्सल टेम्पोत पडून राहिल्यावर दुसरं काय होणार! घरचा फेव्हिकॉल घ्या.

आर्यभटाला तीन दुपारी लागल्या. 26 बाजू, प्रत्येकीला चिकटवायची पट्टी, त्यात पंखा लावला की तुकडे उडतात. नातीनं माझ्या पेटीतली जुनी दोन रुपयांची नोट शेजारी ठेवून चित्र पडताळलं. चूक मीच काढली: खरा आर्यभट वर आणि खाली सोडून बाकी बाजूंनी सौर घटांनी मढवलेला होता, इथं वरच्या बाजूलाही घट छापलेत. पुस्तिकेत 19 एप्रिल 1975, 360 किलो वगैरे सगळं बरोबर. पण चार दिवसांत विजेचा सप्लाय बिघडला आणि प्रयोग बंद पडले, हे गाळलंय. कामून? त्यात लाजण्यासारखं काय आहे? सप्लाय गेलेले सेट आयुष्यभर माझ्या टेबलावर आले, एकालाही मी भंगार म्हटलं नाही.

एक्सप्लोरर-९ चा चंदेरी कागदी गोळा गोल राहत नाही, एका बाजूनं बसतोच. शेवटी साध्या फुग्यावर पोळ्यांची फॉईल गुंडाळली. खरा तरी कुठं वेगळा होता! 1961 साली सोडलेला 12 फुटी फुगाच तो. घनता मोजायचं यंत्र आत नव्हतंच. अंग मोठं, वजन नगण्य, त्यामुळं वरची विरळ हवासुद्धा त्याला अडवायची. कक्षा किती आखडली ते बघून हवेची घनता काढायची. त्याचा रेडिओ सुरुवातीलाच बंद पडला, मग कॅमेऱ्यांनी माग काढला. नातीला गच्चीवर नेलं, एका हातात फुगा, एका हातात गोटी, दोन्ही बरोबर सोड म्हटलं. तिला कळलं. पुस्तिकेतल्या अर्ध्या पानानं मला कळलं नव्हतं.

आता अँटेना. स्पुटनिकच्या चारही काड्या सारख्या लांबीच्या दिल्यात! खऱ्याच्या दोन 2.4 मीटरच्या आणि दोन 2.9 मीटरच्या होत्या. ज्याला अँटेना कळत नाही त्याला फरक पडणार नाही, मला झोप येईना. दोन काड्या कापून छोट्या केल्या तेव्हा बरं वाटलं.

अल्युएट-१ साठी मात्र हा संच घ्याच. कॅनडाचा, 29 सप्टेंबर 1962 चा. शॉर्टवेव्हवर कोलंबोचं स्टेशन सेलूत लागायचं ते आयनोस्फियरमुळं, म्हणजे वरच्या हवेतल्या विद्युतभारित थरामुळं, लहरी तिथं आपटून खाली येतात म्हणून. पण जमिनीवरून लहरी सोडल्या तर त्या थराची खालची बाजूच कळते. छताच्या वर काय आहे ते घरात बसून कसं दिसणार? अल्युएटनं सुमारे 1000 किलोमीटरवरून खाली लहरी सोडल्या आणि परत आलेल्या ऐकल्या. एक वर्ष चालेल असा बनवला होता, चालला दहा वर्षं, आणि बंदही माणसांनीच केला. असा सेट माझ्या दुकानात कधी आला नाही, येणारही कसा.

त्याच्या अँटेना सुताराच्या स्टीलच्या टेपसारख्या गुंडाळलेल्या होत्या, वर गेल्यावर उलगडल्या. लांब जोडी टोकापासून टोकापर्यंत 150 फूट. संचात बोटभर काड्या आहेत. नात म्हणाली, "आबा, दीडशे फूट म्हणजे कुठपर्यंत?" माझी पन्नास फुटी टेप काढली, दारापासून तीनदा धरली. पिठाच्या गिरणीच्या पायरीपर्यंत गेली. गिरणीवाला दळण थांबवून बाहेर आला, गटाराचं माप चाललंय का विचारायला.