'सबसिडीची फाईल मी पास करून देतो'

मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम या राज्य सरकारच्या अनुदानाच्या योजनेतून उद्योगासाठी कर्ज काढायला निघालेल्या तरुणांना गाठणारे एजंट जिल्हा उद्योग केंद्राच्या फाटकाबाहेर, झेरॉक्सच्या दुकानात, नाहीतर गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भेटतात. बोलणं ठरलेलं असतं. "दहा लाखांचं प्रकरण करू, त्यातले अडीच लाख माफ. साहेब ओळखीचे आहेत. फाईलचा खर्च तेवढा आधी द्या."

यातला 'माफ' हा शब्दच आधी तपासायला हवा. ग्रामीण भागातला खुल्या प्रवर्गातला अर्जदार 10 लाखांचा प्रकल्प टाकतो तेव्हा 10 टक्के, म्हणजे 1 लाख, त्याचे स्वतःचे असतात. 25 टक्के, म्हणजे अडीच लाख, अनुदान असतं आणि उरलेले साडेसहा लाख बँकेचं कर्ज. हे अडीच लाख कुणाच्याही हातात पडत नाहीत. ते बँकेत अर्जदाराच्या नावाने 3 वर्षं अडकवून ठेवतात आणि तोवर तेवढे पैसेही बँक कर्ज म्हणूनच देते. त्या रकमेवर ठेवीचं व्याज मिळत नाही आणि कर्जाच्या तेवढ्या भागावर बँक व्याज लावत नाही. 3 वर्षांनंतर उद्योग खरोखर चालू असल्याची पाहणी होते आणि मगच ती रक्कम कर्जात वळती होते. त्यामुळे "सबसिडी महिन्याभरात खात्यावर" असं कोणी म्हणालं की तिथूनच उठावं. स्वतःचा हिस्सासुद्धा बँकेत, आपल्याच खात्यात भरायचा असतो. एजंटच्या फोन-पेवर गेलेला एक रुपयाही योजनेत मोजला जात नाही.

पहिला घाव मोबाईल नंबरवर बसतो. अर्ज ऑनलाइन आहे आणि त्याला फी नाही. पण एजंट फॉर्म भरताना स्वतःचा नंबर आणि ईमेल टाकतो. त्यानंतर लॉगिनचा पासवर्ड, त्रुटींचे निरोप, बँकेकडे प्रकरण गेल्याचा मेसेज, सगळं त्याच्याकडे जातं. अर्ज नामंजूर झाला तरी अर्जदाराला "वर बोलणं चालू आहे, अजून थोडे लागतील" एवढंच ऐकू येतं. फॉर्म भरायला कुणाची मदत घ्यायला हरकत नाही, पण नंबर आपला आणि ओटीपी आपल्याच हातात हवा.

दुसरा प्रकार कागदाचा. अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाच्या व्याज परताव्याच्या योजनेत ऑनलाइन अर्ज केल्यावर पात्रता प्रमाणपत्र मिळतं. सगळे त्याला 'एलओआय' (लेटर ऑफ इंटेंट) म्हणतात. हाच कागद "कर्ज मंजुरीचं पत्र" म्हणून विकला जातो. या योजनेत महामंडळ स्वतः कर्ज देतच नाही. कर्ज बँक देते, तेही आपल्या निकषांवर, आणि हप्ता वेळेवर भरला तर महामंडळ त्यातलं व्याज परत करतं. एलओआय हातात असूनही बँक नाही म्हणू शकते. लघुउद्योगांच्या सरकारी 'उद्यम' नोंदणीचंही तसंच: ती मोफत आहे, पण सरकारी दिसणाऱ्या खासगी वेबसाइट तिचे हजार-दोन हजार उकळतात. पत्ता 'जीओव्ही डॉट इन'ने संपत नसेल तर पुढे जाऊ नका.

सगळ्यात खोल खड्डा कोटेशनचा, म्हणजे मशीनच्या दरपत्रकाचा आहे आणि त्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. मशिनरीचे पैसे बँक थेट विक्रेत्याच्या खात्यात टाकते. एजंट आपलाच विक्रेता आणतो. साडेचार लाखांच्या मशीनचं आठ लाखांचं कोटेशन बनतं, पैसे विक्रेत्याकडे जातात आणि त्यातले काही रोख परत मिळतील असं सांगितलं जातं. कधी जुनं मशीन रंग मारून येतं, कधी फक्त बिल येतं. कर्जाचा हप्ता मात्र फुगवलेल्या किमतीच्या हिशोबानेच चालू होतो. मशीन चालत नाही, हप्ते थकतात, खातं एनपीए (बुडीत) होतं आणि पाहणीत युनिट बंद दिसलं की अडकवलेलं अनुदान सरकारकडे परत जातं. अर्जदाराच्या डोक्यावर सगळं कर्ज उरतं. शिवाय वाढीव बिलावर त्याची सही असल्याने तो स्वतःही गुन्ह्यात अडकू शकतो. म्हणून कोटेशन तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून स्वतः आणा. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की फर्मचं नाव आणि नोंदणीची तारीख दिसते. महिन्याभरापूर्वी नोंदलेली फर्म लाखोंची मशीन विकत असेल तर गोदाम पाहिल्याशिवाय सही करू नका.

"काम झाल्यावर कमिशन द्या, तोवर सह्या केलेले दोन कोरे चेक ठेवा," हेही सर्रास चालतं. असा चेक हवी ती रक्कम भरून बँकेत टाकता येतो आणि तो न वटल्यास चेकच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट) कलम 138 खाली खटला अर्जदारावरच होतो. चेक देऊन बसला असाल तर आजच बँकेत लेखी 'स्टॉप पेमेंट' द्या आणि कोणते क्रमांक, कुणाला, कशासाठी दिले हे पोलिसांना लेखी कळवून पोच घ्या. नुसत्या स्टॉप पेमेंटने 138 टळत नाही, म्हणून ही पोच जपून ठेवावी लागते.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. कुणी सरकारी कर्मचारीच पैसे मागत असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक 1064. आणि अर्ज नेमका कुठे अडला आहे ते कळत नसेल तर आधार कार्ड घेऊन स्वतः जिल्हा उद्योग केंद्रात जा, नोंदवलेला मोबाईल नंबर कुणाचा आहे ते विचारा. उत्तर मिळालं नाही तर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज द्या. 30 दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि एजंटने अर्ज भरलाच नव्हता हे बऱ्याचदा त्या उत्तरातूनच कळतं.