टिप, सर्व्हिस चार्ज की सरळ पगार: हॉटेल उघडताना काय ठरवावं

नवं हॉटेल उघडताना मेनूचे दर ठरतात, आचाऱ्याचा पगार ठरतो, आणि वेटरचा पगार सगळ्यात शेवटी, "वरून टिप मिळतेच की" असं म्हणत ठरतो. चूक इथूनच सुरू होते. आपल्याकडे टिप हा गिऱ्हाइकाने वेटरला दिलेला पैसा आहे, मालकाने दिलेला पगार नाही. किमान वेतनाचा खड्डा टिपने बुजवता येत नाही.

अमेरिकेतले टिपविरोधी लेख वाचून इथला निर्णय घेऊ नये, तेही याच कारणाने. तिथे केंद्रीय कायद्यानुसार टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने ताशी २.१३ डॉलर दिले तरी चालतात. हा दर १९९१ पासून हललेला नाही. ७.२५ डॉलरच्या किमान वेतनापर्यंतची भर टिपमधून निघाली असं धरतात आणि न निघाल्यास फरक मालकाने भरायचा असतो. कॅलिफोर्नियासह सात राज्यांनी ही सवलत ठेवलेली नाही. त्यांचं भांडण पगारातच धरलेल्या टिपवरून आहे. आपला प्रश्न पूर्ण पगाराच्या वर काय द्यायचं आणि कोणत्या वाटेने, हा आहे.

पूर्ण पगार म्हणजे किती, ते आधी पाहून घ्या. महाराष्ट्रात हॉटेल आणि खानावळींचं किमान वेतन परिमंडळ (म्हणजे हॉटेल कोणत्या भागात आहे ते) व कुशल-अर्धकुशल-अकुशल या वर्गवारीप्रमाणे ठरतं आणि त्यातला विशेष भत्ता, म्हणजे महागाई भत्ता, जानेवारी व जुलैत बदलतो. वर्षातून एकदाच पगारपत्रक बनवणारे जुलैचा बदल विसरतात, मग थकबाकी साचते. पोरांना राहायला खोली देता म्हणून त्या खोलीची किंमत किमान वेतनात धरू नका. तेही चालत नाही.

एकाच बिलाचे तीन हिशेब

समजा खाण्याचे १,००० रुपये झाले आणि गिऱ्हाईक सेवेसाठी वर ५० रुपये द्यायला तयार आहे. साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के जीएसटी आहे.

सर्व्हिस चार्ज लावला तर १,०५० वर कर बसून बिल १,१०२.५० होतं. दर ५ टक्क्यांनी वाढवले तरी बिल तेवढंच, १,१०२.५०. टिप असेल तर बिल १,०५० आणि वर ५० मिळून १,१००. गिऱ्हाइकाला फरक अडीच रुपयांचा. खरा फरक वेटरच्या हातात दिसतो.

टिपचे ५० अख्खे ५० पोचतात. दरवाढीचे ५० आधी मालकाकडे येतात. पीएफचे मालकाचे १२ आणि प्रशासन व विम्याचा सुमारे १ असे १३ टक्के, ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) ३.२५ टक्के काढून ठेवले की पगार म्हणून ४३ रुपये देता येतात. त्यातून कामगाराचे पीएफचे १२ आणि ईएसआयचे ०.७५ टक्के कापले की हातात साडेसदतीस. म्हणून पोरं टिप मागतात आणि त्यांचा हिशेब चुकीचा नाही. पण उरलेले साडेबारा रुपये वाया जात नाहीत. ते पीएफच्या खात्यात पडतात आणि आजारपणात दवाखाना व सत्तर टक्के पगार देतात. तेलाने हात भाजून वेटर महिनाभर घरी बसला, तर टिप शून्य असते.

सर्व्हिस चार्ज

यावर फार वेळ घालवू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या: हा आकार बिलात आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावाने वसूल करायचा नाही, न देणाऱ्याला आत येण्यापासून अडवायचं नाही आणि तो बिलात मिळवून त्यावर जीएसटी घ्यायचा नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला त्या सूचना कायम ठेवल्या. ग्राहक १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करतो. "मागितला तर काढून देतो" हा बचावही कामाचा नाही, कारण आक्षेप आपोआप लावण्यालाच आहे. आणि काढून द्या म्हणणारं गिऱ्हाईक वाद घालतं ते वेटरशी, गल्ल्यावर बसलेल्या मालकाशी नव्हे.

दरात घालून पगार

वीस माणसांचं हॉटेल, रोजची विक्री ४०,००० धरली तर महिन्याला १२ लाख. दर ५ टक्क्यांनी वाढवले आणि गिऱ्हाईक टिकलं, तर ६०,००० हातात येतात. पीएफ-ईएसआयचे मालकाचे १६.२५ टक्के धरून १.१६२५ ने भागले की सुमारे ५१,६०० पगारात घालता येतात. रजा आणि ग्रॅच्युइटीसाठी थोडं बाजूला ठेवून माणशी अडीच हजारांची वाढ देता येते, आणि ती भटारखान्यातल्या भांडीवाल्यालाही मिळते. पार्सलचा धंदा मोठा असेल तर हाच मार्ग न्याय्य आहे. पार्सल बांधणाऱ्याला टिप कोणीच देत नाही.

दोन ठिकाणी पाय घसरतो. ईएसआयची मर्यादा २१,००० आहे. वीस हजारवाल्याला दोन हजार वाढवलेत, तर सहामाहीच्या शेवटी, म्हणजे सप्टेंबर किंवा मार्च संपल्यावर, तो योजनेबाहेर जातो आणि घरच्यांचा दवाखानाही जातो. अशांसाठी आरोग्य विमा आधी घ्या, मग वाढ द्या. दुसरं म्हणजे चांगले वेटर टिकवणं. न्यूयॉर्कचे डॅनी मायर यांनी २०१५ मध्ये आपल्या रेस्टॉरंटांत टिप बंद करून दर वाढवले आणि २०२० मध्ये टिप परत आणली. शेजारी टिप चालू असताना एकट्याने बंद केली, की शनिवारी रात्री चार टेबलं हसतमुखाने सांभाळणारा माणूस शेजारी जातो.

टिप

टिप ठेवायची तर नियमाने ठेवा, नाहीतर भांडण लावून घ्याल. ४६० च्या बिलाला पाचशेची नोट देऊन गिऱ्हाईक चाळीस रुपये बडीशेपेच्या वाटीखाली ठेवून उठायचं, ते दिवस गेले. आता बरोबर ४६० स्कॅन होतात. वेटरची वरची कमाई न बोलता घटली आहे, आणि "टिप मिळतेच की" म्हणणाऱ्या मालकाला त्याचा पत्ता नसतो. उरलेल्या नोटेवरही वाद आहेच: टेबल पुसायला हेल्पर आधी पोचतो, आणि नोट कोणाची?

टिप एका पेटीत एकत्र करून पाळीगणिक गुणांनी वाटणं यातून सोडवतं. वेटरला १०, हेल्परला ६, भटारखान्यात माणशी ४, भांडीवाल्याला ३ असे गुण ठेवा. चार वेटर, दोन हेल्पर, पाच आचारी-तंदूरवाले, दोन भांडीवाले मिळून ७८ गुण होतात. पाळीला २,३४० जमले तर गुणाला ३० रुपये: वेटरला ३००, हेल्परला १८०, आचाऱ्याला १२०, भांडीवाल्याला ९०. मालक आणि मॅनेजर यांचे गुण शून्य, आणि यात सूट नाही. मॅनेजरचा हात पेटीत गेला, की वेटर नोटा खिशात घालू लागतात आणि पेटी आठवड्यात रिकामी होते.

पेटीला दोन कुलपं, दोघांकडे किल्ल्या. मोजणी पाळी संपताच सगळ्यांसमोर करावी, पानांना क्रमांक असलेल्या वहीत लिहावी, सह्या घ्याव्यात. फुटलेल्या प्लेटा किंवा बिल न देता पळालेलं गिऱ्हाईक यांची भरपाई पेटीतून करायची नाही. तो धंद्याचा तोटा आहे.

कार्ड आणि यूपीआयवरच्या टिपला जास्त जपावं लागतं. ती तुमच्या खात्यात येते, पण तुमची नसते. विक्रीत मिसळलीत तर उलाढाल फुगते आणि जीएसटीचा प्रश्न उभा राहतो. हिशेबात "कर्मचाऱ्यांची देय टिप" असं वेगळं खातं ठेवा आणि कार्डाचं शुल्क तुम्ही सोसा. कॅप्टनच्या (वेटरांच्या मुख्याच्या) वैयक्तिक क्यूआरवर टिप घेऊ नका. सगळ्यांची कमाई त्याच्या खात्यात दिसते आणि तो सोडून गेला की हिशेब त्याच्याबरोबर जातो. हॉटेलच्या नावाने दुसरं चालू खातं उघडा, त्याचा क्यूआर बिलाच्या फोल्डरवर चिकटवा आणि दर सोमवारी वाटप करा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालाप्रमाणे अशी टिप म्हणजे पगार नव्हे, त्यामुळे तुम्हाला टीडीएस कापावा लागत नाही. कामगाराच्या उत्पन्नात मात्र ती धरली जाते. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून सगळी टिप कामगारांना, पुढचा महिना संपायच्या आत देणं कायद्यानेच बांधून घातलं आहे. आपल्याकडे असा कायदा नसला तरी तो नियम जशाच्या तसा उचलण्यासारखा आहे.

कोणासाठी काय

उडपी धर्तीचं हॉटेल, जिथे टेबल वीस मिनिटांत रिकामं होतं आणि टिप चिल्लरीत येते, तिथे सरळ दरात घाला. पेटी मोजायला जाणारा वेळही परवडणार नाही. गिऱ्हाईक दोन तास बसतं अशा बार-रेस्टॉरंटमध्ये टिप येणारच, तिथे गुणांची पेटी हवी, पण किमान वेतनाच्या वर निदान दहा टक्के ठरावीक पगार असावा. पावसाळ्यात रिकामी टेबलं आली की घरभाडं टिपवर भागत नाही. पार्सल अर्ध्याच्या वर असेल तर दोन्ही करा: थोडी दरवाढ सगळ्यांसाठी, पेटी बसलेल्या गिऱ्हाइकांपुरती.

काहीही निवडलंत तरी गुणांचा तक्ता नेमणूकपत्रासोबत पहिल्याच दिवशी द्या, मराठीत आणि हिंदीत. बदलायचा झाला तर महिना संपल्यावर बदला, दिवाळीच्या तोंडावर नको.