पणजीतला तिलापिया: फ्लाय रॉड घ्यायचा की गरी-पावच बरा?

भाचा यंदा गरवायला लागलाय, ऑफिस सुटलं की तास-दीड तास, आणि परवा विचारत होता, मामा, तिलापियासाठी फ्लाय रॉड (पीस-दोऱ्याचं खोटं आमिष टाकायची काठी) घेऊ की आपली तंगूस-गरीच, म्हणजे नायलॉनचा दोरा आणि गळ, पुरे. मी दोन्ही वापरतो म्हणून सरळ सांगतो. भरपूर मासे बाहेर काढायचे असतील तर गरी आणि पाव. नेमका तिलापियाच काढायचा आणि काळुंदराला, म्हणजे आपल्या इथल्या मूळच्या माशाला, धक्का लागू द्यायचा नाही, असं असेल तर फ्लाय. पण फ्लायला तळ दिसेल असं पाणी लागतं, त्यामुळे पणजीत अर्धा निर्णय पाणीच करून टाकतं.

हा मासा आपला नव्हे. मोझांबिक तिलापिया आफ्रिकेतला, १९५२ साली भारतात आणला, तळ्यात पाळायला म्हणून. गोडं पाणी चालतं, खारं चालतं, घाणीतही तग धरतो, त्यामुळे तो तळ्यापुरता थोडाच राहणार. नर उथळ चिखलात ताटाएवढा गोल खड्डा करतो आणि त्यावर राखण करत बसतो, मादी अंडी तोंडात धरून फिरते, पिल्लं पोहायला लागली तरी भीती वाटली की परत तिच्या तोंडात शिरतात. अशा माशाची वीण वाया जात नाही हो. आणि आपलं काळुंदरही याच उथळ पाण्यात वाढतं, शेवाळ खातं, म्हणून मला हा विषय लागतो.

गरीचं काय, काठी, तंगूस, बूच, थोडं शिसं, काहीशे रुपयांत काम होतं. उंड्याच्या (गोव्यातल्या गोल पावाच्या) आतला मऊ भाग ओल्या बोटांनी मळायचा, वाटाण्याएवढी गोळी करायची, गरी लहानच घ्यायची कारण तिलापियाचं तोंड लहान. गढूळ पाण्यातही वासावर येतो, पावसाळ्यात तर हीच एक चालते. मागे जागा लागत नाही, वारा असला तरी अडत नाही, दहा वर्षांचं पोरसुद्धा पहिल्या दिवशी मासा धरतं. अडचण एकच पण माझ्या मते मोठी, खाली पाव कोण खातंय ते वर आल्याशिवाय कळत नाही, काळुंदरही तोच पाव खातं आणि गरी पार घशात गेलेली असली तर सोडून दिलं तरी ते जगेल याचा भरवसा नाही.

फ्लायमध्ये उलटं आहे. तिथे टाकायला वजन नसतं, फ्लाय म्हणजे गरीवर गुंडाळलेलं पीस-दोरा, वजन जाड लाईनचं आणि तीच हवेत उलगडत फ्लायला घेऊन जाते. या माशाला चार किंवा पाच नंबरचा नऊ फुटी रॉड, तरंगणारी लाईन, दहा-बारा नंबरची फ्लाय, एवढं बास (फ्लायचा नंबर वाढला की गरी लहान होते, दुकानात इथे गोंधळ होतो). खर्च काही हजारांत जातो आणि पहिला महिना मासा मिळेलच असं नाही. पोलराइज्ड गॉगल (पाण्यावरची चकाकी कापणारा) मात्र रॉडइतकाच गरजेचा, कारण खरी मजा खड्डा दिसण्यात आहे. विणीतला नर काळाकुट्ट होतो, गळा पांढरट, शेपटीची कड लाल, आणि काळुंदर आडवं-चपटं, अंगावर उभे पट्टे नि मोत्यासारखे ठिपके, एकदा डोळ्यात बसलं की चूक होत नाही. फ्लाय खड्ड्याच्या पलीकडे टाकायची, बुडू द्यायची, हळूच खड्ड्यात ओढायची. नर ती खायला येत नाही, घरात शिरलेला कचरा उचलून बाहेर टाकावा तशी तोंडात धरून बाहेर नेतो, त्यामुळे झटक्याची वाट बघत बसलात तर हुकलंच, लाईनचं टोक बोटभर सरकलं की खेचायचं.

आता जागा. सांतिनेजच्या खाडीत फ्लाय नकोच, सांडपाणी, तळ दिसत नाही, मागे वायरी आणि स्कूटर. तिथे गरवायचंच तर गरी, आणि तो मासा खायचा नाही. मेरशी-रायबंदरकडची खाजनं (बांध घालून राखलेली खाऱ्या पाण्याकाठची सखल शेतं) फ्लायला उत्तम, सकाळी दहाच्या आत, कारण नंतर समुद्रावरचा वारा लाईन लोळवतो. बांधावर माड असतात म्हणून मागे न फेकता रोल कास्ट आधी शिकून घ्या. मानशीवरच्या (बांधातल्या पाण्याच्या दारावरच्या) मासळीचा लिलाव होतो, तिथे हक्क दुसऱ्याचा असतो, तेव्हा विचारल्याशिवाय काठी काढू नका. आणि कुंभारजुव्याच्या बाजूला पाण्यात पाय घालूच नका, मगरी आहेत, पौषात लोक चिखलाची मगर करून पुजतात ते उगाच नाही.

आफ्रिकन मांगूर (मिशावाला, तळाशी राहणारा मासा) हवा असेल, ज्याच्या पालनावर आपल्याकडे बंदी आहे, तर फ्लायचा विचार सोडा, रात्री तळाला आमिष टाकून बसा.

दोन्हीत एक गोष्ट सारखीच पाळायची, धरलेला तिलापिया परत पाण्यात नाही. आणि मादी असली तर काठावर झटकू नका, घाबरली की पिल्लं थुंकते, मी एकदा काठावरच गरी काढत बसलो आणि दीड-दोनशे पिल्लं डोळ्यांदेखत पाण्यात पसरली, तेव्हापासून मासा लागला की सरळ उचलून चार पावलं मागे बांधावर. स्वच्छ पाण्यातला असेल तर रव्यात तळा, छान लागतो, खाडीतला असेल तर माडाच्या मुळात पुरा.

भाच्याला सांगितलंय, पाऊस संपेपर्यंत गरीच चालव, नोव्हेंबरात खाजनाचं पाणी निवळलं की आधी माझा रॉड घेऊन जा, चार सकाळी खड्डे नुसते शोध, ते दिसायला लागले तर स्वतःचा घे.