आठ आठवड्यांचं घर की चार दिवसांचं?

भाच्याचा फोन शुक्रवारी रात्री आला. अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात दुसऱ्या वर्षाला आहे, यंदा रशमध्ये उतरला होता, म्हणजे फ्रॅटर्निटी नावाच्या, बहुधा स्वतःचं घर असलेल्या मुलांच्या संघटनांच्या भरतीत. त्यांच्याकडून सदस्यत्वाचं बोलावणं येतं त्याला बिड म्हणतात. "मामा, दोन बिड आल्यात. एक टेकडीवरच्या घराची, एक स्टेडियमजवळच्या. देशी फ्रॅटवालेही ये म्हणतायत. रविवारी संध्याकाळपर्यंत सांगायचंय." दहा मिनिटांनी ताईचा फोन: "हे रॅगिंगच ना रे?"

दोघांना वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून काढतो. मी नव्वदच्या दशकात इथेच, अमेरिकेत, प्लेज झालो होतो, म्हणजे पूर्ण सदस्य होण्याआधीचा उमेदवार. आता त्याच फ्रॅटर्निटीच्या दुसऱ्या गावातल्या चॅप्टरच्या (शाखेच्या) हाउस कॉर्पोरेशनवर आहे, म्हणजे गळकं छप्पर, विम्याचा हप्ता आणि थकलेलं भाडं बघणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी एक.

आधी ताईसाठी. रॅगिंग आणि हेझिंग, म्हणजे फ्रॅटर्निटीत नव्या मुलाचा होणारा छळ, ही भावंडं आहेत, जुळी नाहीत. आपल्याकडे होस्टेलवर पाऊल टाकलं की ज्युनियर आपोआप तावडीत सापडतो. त्याला कुणी विचारत नाही. महाराष्ट्राने त्यावर 1999 मध्ये स्वतंत्र कायदा केला. हेझिंगमध्ये मुलगा स्वतः दार ठोठावतो, आणि सहन करणं हे आत येण्याचं तिकीट असतं. म्हणून तो तक्रार करत नाही. सहा आठवडे काढलेत, दोनच उरलेत, मग कशाला बोंब मारायची, असा हिशोब डोक्यात चालतो. माझाही चालला होता. तळघराच्या चिकट फरशीवर भिंतीकडे तोंड करून उभे होतो तेव्हा आमच्यातल्या एकाला चक्कर आली, आणि आम्ही बाकीचे त्याच्यावरच चिडलो. ते आठवलं की आजही लाज वाटते.

आता घरं. टेकडीवरच्या घराचं प्लेजिंग आठ आठवड्यांचं. घर देखणं आहे, खांबांचा व्हरांडा, जिन्यात 1920 पासूनच्या ग्रुप फोटोंच्या फ्रेमा. माजी सदस्य भरपूर, फुटबॉलच्या शनिवारी अंगणात ग्रिल पेटवून दीडशे माणूस जमतो. स्टेडियमजवळचं घर बुटकं आहे, विटांचं, बाहेर सायकलींचा खच. तिथे प्लेज हा प्रकारच नाही. बिड स्वीकारली की चार दिवसांत पूर्ण सदस्य. ही काही कालची टूम नाही. झीटा बीटा टाऊ या फ्रॅटर्निटीने प्लेजिंग 1989 मध्येच काढून टाकलं. सिग्मा अल्फा एप्सिलॉनने मार्च 2014 मध्ये तेच केलं आणि दीक्षाविधी 96 तासांच्या आत उरकायचा नियम केला. तर्क साधा आहे: कुणाला खालच्या पायरीवर उभं करायला वेळच उरला नाही, तर त्याला झाडू मारायला, दारू प्यायला लावणार कोण?

कागदावर पाहिलं तर दुसरं घर सरळ जिंकतं. पण थांब.

तुझ्याच राज्यातली गोष्ट. पेन स्टेट विद्यापीठातल्या बीटा थीटा पाय फ्रॅटर्निटीच्या घरात घडलेल्या प्रकारानंतर फेब्रुवारी 2017 मध्ये टिमोथी पियाझा हा 19 वर्षांचा मुलगा मरण पावला. त्याला ओळीने दारू पाजली गेली, तो तळघराच्या जिन्यावरून पडला, आणि जवळपास बारा तास कुणी 911 या तातडीच्या मदतीच्या नंबरला फोन केला नाही. हे आठव्या आठवड्यात घडलं नाही, बिड स्वीकारण्याच्या पहिल्याच रात्री घडलं. म्हणजे प्लेजिंग चार दिवसांवर आणलं तरी ती पहिली रात्र शिल्लक राहतेच. बिग-लिटल नाइटही राहते, जिथे 'मोठा भाऊ' धाकट्याच्या हातात अख्खी बाटली देतो. 2021 मध्ये ओहायोतल्या बोलिंग ग्रीनला तशाच रात्री एक मुलगा गेला.

पेन स्टेटच्या त्या घराचं मला जास्त खुपतं ते दुसरंच. चॅप्टर कागदोपत्री दारूमुक्त होता. एका श्रीमंत माजी सदस्याने नूतनीकरणावर लाखो डॉलर ओतले होते. आत कॅमेरे होते, आणि पोलिसांना सगळं त्यांच्यातूनच कळलं. इतकंच काय, एक प्रौढ सल्लागार त्या घरातच राहायचा. पैसा होता, यंत्र होतं, वडीलधारं माणूस होतं, आणि तरीही त्या रात्री सोफ्यावर पडलेल्या मुलाकडे बघायला कुणी नव्हतं.

म्हणून भाच्या, आठवडे मोजू नकोस. माजी सदस्य घरी येऊन करतात काय, ते बघ.

टेकडीवरचे दीडशे ग्रिलभोवती उभे राहून काय बोलतात, ते मी न ऐकताही सांगू शकतो. "आमच्या वेळी तर..." असं एखादा पन्नाशीचा वकील बिअर हातात धरून वीस वर्षांच्या पोरांना सांगतो, तेव्हा तो नुसती आठवण सांगत नसतो, परवानगी देत असतो. आमच्या चॅप्टरमध्ये नियम बदलले, दोन वर्षं शांतता होती. मग एका होमकमिंगला, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या वार्षिक मेळाव्याला, जुन्या मंडळींनी "तुम्ही काय पोरीबाळी झालात का" म्हणून खिल्ली उडवली आणि पुढच्याच सत्रात तळघराचं कुलूप पुन्हा उघडलं. देणग्या सर्वांत जास्त त्याच मंडळींच्या होत्या, त्यामुळे कुणी तोंड उघडलं नाही. मीही नाही, पहिल्या खेपेला.

स्टेडियमजवळच्या घराबद्दल तू जे सांगितलंस ते मला आवडलं: रविवारच्या बैठकीला एक निवृत्त अकाउंटंट येतो, मागच्या बाकावर बसतो, हिशोबाची वही बघतो आणि कुणी दिसलं नाही तर नावाने विचारतो. माणूस रटाळ आहे म्हणालास. असू दे. असा रटाळ माणूस दर आठवड्याला येत असेल तर तळघरात काही शिजवणं अवघड जातं. देणगीदार वर्षातून एकदा येतो.

देशी फ्रॅटचं थोडक्यात. घर नाही, फी कमी, गरबा आणि क्रिकेट आहे, आणि ताईला 'आपली मुलं' म्हणून धीर वाटतो. त्या धीरावर जाऊ नकोस. 2013 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या बारूक कॉलेजचा एक मुलगा पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनोच्या डोंगरात झालेल्या हेझिंगमुळे मरण पावला, तो आशियाई-अमेरिकन मुलांच्या पाय डेल्टा साय संघटनेत. डोळ्यांवर पट्टी, पाठीवर वाळूची पिशवी, आणि चारी बाजूंनी धक्के. दवाखान्यात न्यायलाही उशीर केला. 2018 मध्ये न्यायालयाने त्या संघटनेलाच पेनसिल्व्हेनियातून दहा वर्षांसाठी हद्दपार केलं. आणि या संघटना तरुण असल्यामुळे त्यांचे माजी सदस्यही तरुणच, कालपरवा पास झालेले. मागच्या बाकावर बसायला साठीचा माणूस मिळत नाही.

पैशाचं एकच सांगतो, कारण ते रशमध्ये कुणी सांगत नाही. ड्यूजमध्ये, म्हणजे सदस्याच्या वर्गणीत, विमा असतो, पण हेझिंगसारखं नियमाबाहेरचं काही केलं तर सदस्याला त्या विम्याचं छत्र बहुधा मिळत नाही. मग वकील आईवडिलांच्या घराच्या विम्याकडे वळतात. म्हणजे पुढच्या वर्षी तू धाकट्यांना भिंतीकडे उभं करणाऱ्यांत असशील, तर धोका ताईच्या घरालाही आहे. "त्याने स्वतःच हो म्हटलं होतं" हा बचाव पेनसिल्व्हेनियात 2018 च्या कायद्यानंतर चालत नाही.

उद्या सकाळी दोन कामं कर. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर हेझिंगचा अहवाल असतो. राज्याच्या कायद्याने तो आधीच होता, आणि डिसेंबर 2024 च्या केंद्रीय कायद्याने देशभर लागू केलाय. दोन्ही घरांची नावं शोध. नाव आलंय म्हणून लगेच काट मारू नकोस. काय झालं आणि नंतर कुणाला काढलं ते वाच. मान्यता गेलेल्या, गावात भाड्याच्या घरातून चालणाऱ्या टोळ्या या केंद्रीय अहवालात येत नाहीत, त्यांच्यापासून मात्र चार हात लांब.

दुसरं, प्लेजिंग अर्ध्यात सोडलेला एक मुलगा गाठ. सदस्य सगळे गोडच बोलणार. सोडून गेलेल्याला कॉफी पाज आणि विचार की सोडल्यानंतर ते त्याच्याशी जेवणाच्या हॉलमध्ये बोलतात का.

माझं मत विचारशील तर स्टेडियमजवळचं, पण त्या अकाउंटंटनंतर कोण येणार हे विचारून. तो सत्तरीचा आहे म्हणालास. टेकडीवरच जायचं ठरवलंस, तर पहिल्या रात्री तुझा फोन तुझ्या खिशात राहील एवढं बघ. तो टोपलीत गोळा करायला लागले, तर तिथूनच मागे फिर आणि मला फोन कर. मी तीन तासांच्या अंतरावर आहे.

तळघराचं ताईला मी आजवर सांगितलेलं नव्हतं. आता ती हे वाचेलच. तिला म्हणावं, रात्री जेवण झाल्यावर फोन करतो.