उभ्या व्हॅनची टकटक आणि लिक्वी मोलीचं लिफ्टर ॲडिटिव्ह

कित्येक महिने उभी असलेली जुनी व्हॅन सुरू केली की हेडमधून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातून, टकटक येते. लिफ्टर म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारा, आत ऑइल भरलेला छोटा भाग. त्यातलं ऑइल निथळून आत हवा शिरलेली असते, किंवा प्लंजरखालची (आतल्या दट्ट्याखालची) बारीक गोळी चिकट थरात अडकलेली असते. लिक्वी मोलीचं हे ऑइलमध्ये ओतायचं ॲडिटिव्ह त्या थरासाठीच आहे. ३०० मिलीचा डबा ६ लिटर ऑइलला पुरतो.

पण डबा फोडण्याआधी डिपस्टिक बघा. ऑइल कमी असेल तरी हाच आवाज येतो. ऑइल काळं, जुनं असेल तर आधी मॅन्युअलमधल्या ग्रेडचं नवं ऑइल आणि फिल्टर टाका. फिल्टरमध्ये ऑइल परत खाली जाऊ न देणारा रबरी व्हॉल्व्ह हवाच, स्वस्तात तो नेमका कच्चा असतो. ॲडिटिव्ह गरम इंजिनात ओता, पातळी वरच्या खुणेपुढे जाऊ देऊ नका. मग २००० ते २५०० आरपीएमवर काही मिनिटं चालवा, हवा निघते. थर सुटायला मात्र रोजचं चालवणं लागतं.

घासलेला कॅम (लिफ्टरला ढकलणारा उंचवटा) किंवा झिजलेला लिफ्टर यानं दुरुस्त होत नाही. सॉलिड टॅपेट (आत ऑइल नसलेले, ठोस लिफ्टर) असतील तर घेऊच नका, तिथं क्लिअरन्स, म्हणजे मधली फट, सेट करावा लागतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गॅस्केट फुटली तरी थंड इंजिन अगदी असंच टकटकतं. आणि ऑइलचा लाल दिवा विझत नसेल तर इंजिन ताबडतोब बंद.

अडकलेल्या लिफ्टरसाठी, हेड उघडण्याआधी, नक्की घ्यावं असं.